वाफसा ओळखणारी चळवळ

पुणे-मिरज लोहमार्गावर सातारा आणि कोरेगाव मागे टाकले की रहिमतपूर लागते. एके काळी औंध संस्थानात जाणारा प्रवासी याच स्थानकावर उतरत असे. येथून पूर्वेकडे औंधवरून वडूजला जाता येते. लोहमार्गाने दक्षिणेस गेल्यास मसूर, कराड, शेणोली, ताकारी आणि किर्लोस्करवाडी ही गावे येतात. १९४२ साली आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग सातारा जिल्ह्यातच मोडत होता आणि हा सारा टापू 'चले जाव'च्या घोषणेने पेटलेला होता. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात याच परिसरात जे घडले, त्याचे स्मरण हुतात्म्यांना अभिवादन करण्यापुरते दरवर्षी होते. तथापि, कोणतीही चळवळ यशस्वी का होते आणि कोणती विफल का ठरते, या प्रश्नाचे जे उत्तर त्या दिवसांत दडलेले आहे, त्याकडे मात्र क्वचितच कोणी वळून पाहतो.

त्या काळी सातारा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी निवडलेला मार्ग एकच होता. गावोगावच्या लोकांनी नि:शस्त्र एकत्र यायचे, तालुक्याच्या कचेरीवर मोर्चा न्यायचा आणि तेथे तिरंगा फडकवायचा. २४ ऑगस्ट १९४२ रोजी कराडला बाळकृष्ण पाटील उंडाळकर यांच्या नेतृत्वाखाली मोर्चा निघाला. ३ सप्टेंबरला तासगावची पाळी आली. जनसमुदायापुढे कचेरीला मान तुकवावी लागली, सरकारी इमारतीवर राष्ट्रध्वज चढला आणि लोक विजयी मुद्रेने घरी परतले. अवघ्या सहा दिवसांनी, ९ सप्टेंबरला, तसाच मोर्चा वडूजला गेला. ध्वज तोच, घोषणा त्याच, लोकांचे धैर्यही तेच. परंतु या वेळी समोरून गोळ्या आल्या. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण धारातीर्थी पडले. दुसऱ्या दिवशी, १० सप्टेंबरला, इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला. त्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात काम करणारे तरुण अभियंते उमाशंकर पंड्या यांना आणि विष्णू बारपटे यांना हौतात्म्य आले.

तासगावात जे साधले ते वडूजला का साधले नाही? वडूजचे लोक कमी निष्ठावान होते काय? तसे म्हणणे हा त्या नऊ हुतात्म्यांचा अपमान ठरेल. नेतृत्व कच्चे होते काय? तसेही नाही. बदलले होते ते वातावरण. ऑगस्टमधील उठावाच्या धक्क्याने जिल्ह्यातील यंत्रणा गोंधळली होती. तालुक्याच्या गावी पोलीस मोजके होते आणि वरून येणारे आदेश संदिग्ध होते. तासगावच्या नामुष्कीनंतर हा गोंधळ संपला. महायुद्ध ऐन भरात असताना आणि जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपलेले असताना कचेऱ्या लोकांच्या हाती जाऊ द्यायच्या नाहीत, असा इंग्रजी सत्तेचा निर्धार पक्का झाला. तासगावचा मोर्चा गोंधळलेल्या सरकारपुढे उभा राहिला होता. वडूजच्या मोर्चाला सावध आणि सूडाने पेटलेल्या सरकारला तोंड द्यावे लागले. साधन एकच होते, परंतु आठवड्याभरात काळ पालटला होता.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. बियाणे कितीही उत्तम असो, बैलजोडी कितीही दमदार असो, रानात वाफसा आल्यावाचून पाभर धरता येत नाही. चिखलात पेरले तर बी कुजते आणि कोरड्या रानात पेरले तर करपते. चळवळीचेही तसेच असते. मोर्चा, उपोषण, असहकार, भूमिगत लढा, समांतर सत्ता ही सारी अवजारे आहेत. त्यांतील कोणतेही अवजार स्वत:च्या गुणाने सदासर्वकाळ यशस्वी होत नाही. पुरंदरचा तह करणारे शिवाजी महाराज आणि पुढच्याच वर्षी आग्र्याहून निसटून येणारे शिवाजी महाराज एकच होते. १६६५ साली जे योग्य होते, ते १६६६ साली योग्य राहिले नव्हते, एवढे ज्यांना उमगले त्यांनीच राज्य उभे केले.

साताऱ्याच्या कार्यकर्त्यांचे खरे मोठेपण वडूज-इस्लामपूरनंतरच्या त्यांच्या वर्तनात दिसते. रक्त सांडल्यानंतर भावनेच्या भरात आणखी दहा मोर्चे काढणे सोपे होते. हताश होऊन घरी बसणेही सोपे होते. त्यांनी दोन्ही टाळले. उघड मोर्चाचा काळ संपला, हे ओळखून ते भूमिगत झाले आणि त्यातूनच क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार साकारले. किसन वीर, नागनाथ नायकवडी, जी. डी. लाड अशी बिनीची माणसे त्यात होती. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ, म्हणजे रहिमतपूरवरून जाणाऱ्या याच लोहमार्गावर, पगाराची गाडी लुटली गेली. १४ एप्रिल १९४४ रोजी थेट धुळे जिल्ह्यात जाऊन सरकारी खजिना हस्तगत करण्यात आला. परंतु हे प्रतिसरकारचे केवळ दृश्य अंग होते. त्याचे खरे बळ गावात होते. न्यायदान मंडळे बसली, गावचे तंटे गावातच मिटू लागले, गावगुंड आणि दरोडेखोर यांना जरब बसली, दारूबंदी आली, कमी खर्चाची 'गांधी लग्ने' लागू लागली. तूफान सेनेने तरुणांना शिस्त लावली. लोकांनी इंग्रजांच्या न्यायालयाची पायरी चढणे सोडले, तेव्हा गोळीची सत्ता उरली, पण राज्य उरले नाही.

तळपायावर फटके मारण्याच्या शिक्षेवरून लोक त्यास 'पत्री सरकार' म्हणत. या शिक्षांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. जेथे कायद्याचे राज्य आहे, तेथे अशा शिक्षेला जुलूम हेच नाव द्यावे लागेल. ज्या काळी सरकारनेच प्रजेवर शस्त्र धरले होते आणि गावाच्या रक्षणाची जबाबदारी टाकून दिली होती, त्या काळाच्या चौकटीतच तिचा विचार होऊ शकतो. काळ साधनाला यश देतो, तसा तो साधनाची नैतिकताही ठरवतो, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

प्रतिसरकार टिकले त्यास आणखी एक कारण होते. सातारा जिल्ह्याचा नकाशा सलग नव्हता. इंग्रजी तालुक्यांच्या मधून औंध, फलटण, सांगली, मिरज आदी संस्थानांचे तुकडे विखुरलेले होते. प्रतिसरकारचे केंद्र असलेले कुंडल हे औंध संस्थानातले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली, महात्मा गांधींच्या विचाराने, आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना लागू केली होती. इंग्रजी हद्दीतील पोलिसांना या मुलखात मोकळेपणाने शिरता येत नसे. म्हणजे सत्तेच्या भिंतीला जेथे चिरा होत्या, नेमके तेथेच चळवळीने मूळ धरले. औंधचे तत्कालीन संघचालक वेदमूर्ती पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्याकडे नाना पाटलांना आश्रय मिळाला होता, असे संघाविषयीच्या जुन्या लेखनात नमूद आहे. पुढे नानांनी साम्यवादी पक्षाचा झेंडा हाती घेतला, हे सर्वविदित आहे. विचारांची एवढी दोन टोके एका उंबरठ्याच्या आत येऊ शकत होती, याचे श्रेय व्यक्तींच्या उदारपणाला आहेच. परंतु त्याहून अधिक ते त्या काळाला आहे. परकीय सत्ता हा सर्वांना दिसणारा एकच शत्रू होता आणि लोकमानस एका दिशेने वाहत होते.

हीच समांतर सत्तेची कल्पना देशात इतरत्रही आकारास आली होती. उत्तर प्रदेशातील बलिया येथे चित्तू पांडे यांच्या नेतृत्वाखाली ऑगस्ट १९४२ मध्ये स्थापन झालेली सत्ता काही दिवसांतच सैन्याने चिरडली. बंगालमधील तामलूक येथे १७ डिसेंबर १९४२ रोजी राष्ट्रीय सरकार स्थापन झाले आणि १९४४ पर्यंत चालले. गांधीजींची सुटका झाल्यावर त्यांच्या सल्ल्याने ते विसर्जित करण्यात आले. साताऱ्याचे प्रतिसरकार मात्र १९४६ पर्यंत तग धरून राहिले. तिन्ही ठिकाणी कल्पना एक आणि त्यागही तोलामोलाचा. बलियात सत्ता उघड्यावर उभी राहिली आणि सैन्याला तिच्यापर्यंत पोहोचण्यास आठवडाही लागला नाही. साताऱ्यात ती गावोगावच्या घरांत आणि संस्थानांच्या सीमारेषांवर वाटली गेली होती. तिचा शिरच्छेद करावा, असे एक शिरच नव्हते. मे १९४४ मध्ये सुटका झाल्यावर गांधीजींनी भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला. काहींनी तो मानला. साताऱ्यातील अनेकांनी आपल्या जिल्ह्यातील परिस्थिती पाहून लढा चालू ठेवला. गांधीजींविषयीचा आदर आणि स्थानिक वास्तवाचे भान, या दोहोंचा तोल साधणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

पुढे वातावरण पुन्हा पालटले. जुलै १९४५ मध्ये इंग्लंडात मजूर पक्ष सत्तेवर आला. १९४६ च्या निवडणुकांनंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि भूमिगतांवरील वॉरंटे मागे घेण्यात आली. नाना पाटील प्रकट झाले, तेव्हा सारा जिल्हा त्यांच्या स्वागताला लोटला. भूमिगत लढ्याचे प्रयोजन संपले, हे ओळखून प्रतिसरकारने तो आवरता घेतला. वेळेवर शस्त्र उचलणारे पुष्कळ असतात. ते वेळेवर खाली ठेवणारे थोडे असतात.

स्वातंत्र्यानंतर याच लोहमार्गावरच्या कराडने वातावरणाचा आणखी एक धडा दिला. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी लादली गेली. ४ जुलैला संघावर बंदी आली. वृत्तपत्रांवर नियंत्रण होते आणि हजारो कार्यकर्ते कारागृहात होते. १४ नोव्हेंबरपासून लोकसंघर्ष समितीने देशभर सत्याग्रह आरंभिला. त्याची बातमी छापून येत नव्हती. ज्या सत्याग्रहाचे बळ लोकांनी तो पाहण्यात आहे, तो लोकांना दिसूच द्यायचा नाही, अशी ती व्यवस्था होती. अशा वेळी डिसेंबर १९७५ मध्ये कराड येथे मराठी साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष होते केंद्रातील मंत्री यशवंतराव चव्हाण आणि अध्यक्षा होत्या दुर्गाबाई भागवत. दुर्गाबाईंनी त्याच व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याचा कैवार घेतला आणि जयप्रकाशजींच्या प्रकृतीस आराम पडावा म्हणून प्रार्थना करण्याचे आवाहन केले. मोर्चाला बंदी होती, सभेला बंदी होती. प्रार्थनेला बंदी कशी घालणार? शंभर सभांनी जे साधले नसते, ते त्या काही क्षणांच्या प्रार्थनेने साधले. दुर्गाबाईंना पुढे कारावास भोगावा लागला. आणि १८ जानेवारी १९७७ रोजी निवडणुकांची घोषणा होताच, दीड वर्ष मुकाट्याने केलेल्या कामाचे फळ एकाएकी दिसू लागले. ज्या घरांनी पत्रके पोहोचवली होती, कारागृहातल्यांच्या कुटुंबांची चूल पेटती ठेवली होती, तीच घरे प्रचाराची ठाणी झाली. प्रतिकूल काळात केलेले काम वाया जात नाही. ते जमिनीखाली ओल धरून राहते.

याच भूमीतील आणखी एक उदाहरण नोंदवणे आवश्यक आहे. प्रतिसरकारचे नागनाथअण्णा नायकवडी उतारवयात पुन्हा एका लढ्यात उतरले. १९९३ साली आटपाडी येथे दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरली. गणपतराव देशमुख, भारत पाटणकर अशी मंडळी सोबत होती. या तालुक्यांची पाण्याची मागणी जुनीच होती. मग तिला धार नव्वदच्या दशकातच का आली? बच्छावत लवादाने कृष्णेच्या खोऱ्यात महाराष्ट्राला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले होते आणि ३१ मे २००० नंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकत होता. तोवर पाणी अडवले नाही तर हक्क धोक्यात येईल, ही जाणीव सर्वपक्षीय झाली. १९९५ साली राज्यात प्रथमच शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले. पश्चिम महाराष्ट्रातील प्रस्थापित नेतृत्वाच्या बालेकिल्ल्यात आपले पाय रोवणे हे नव्या सरकारलाही हवेच होते. १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ अस्तित्वात आले, कर्जरोख्यांतून पैसा उभा राहिला आणि टेंभूसारख्या उपसा योजनेला मंजुरी मिळाली. या योजना पुढे किती रखडल्या, त्यांचा खर्च किती वाढला, हा वेगळा आणि वेदनादायक विषय आहे. परंतु समोर ठरलेली तारीख, सत्तांतर आणि पाठीशी संघटित जनता हे तिन्ही एकत्र आले तेव्हाच दशकानुदशके अडलेली मागणी हलली, हे नाकारता येणार नाही. ज्या नागनाथअण्णांनी इंग्रजांचा खजिना लुटला, त्यांनी स्वतंत्र भारतात परिषदेचा मार्ग धरला. काळानुसार साधन बदलणे म्हणजे तत्त्व बदलणे नव्हे, याचा याहून चांगला दाखला कोणता?

उलट, काळ बदलला तरी साधन तेच ठेवल्यास काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. १९ ऑगस्ट २०११ पासून दिल्लीच्या रामलीला मैदानावर अण्णा हजारे उपोषणास बसले, तेव्हा देश जागचा हलला. घोटाळ्यांनी जनमानस संतप्त होते, केंद्रातील आघाडी गोंधळलेली होती. २८ ऑगस्टला संसदेच्या आश्वासनानंतर उपोषण सुटले. त्याच वर्षी २७ डिसेंबरला मुंबईत तेच उपोषण, तीच मागणी, तेच अण्णा. परंतु मैदान भरले नाही आणि दुसऱ्याच दिवशी उपोषण थांबवावे लागले. लोकपालाचा विषय तोवर संसदेच्या पटलावर गेला होता आणि सरकारला दम घेण्यास अवधी मिळाला होता. मार्च २०१८ मध्ये ते पुन्हा रामलीला मैदानावर बसले, तेव्हा पूर्वीची गर्दी शोधूनही सापडली नाही. अण्णांच्या निष्ठेत तसूभर उणे नव्हते. त्याच साधनाला वातावरणाने दिलेली धार मात्र तोवर गेली होती.

आज मोर्चा आणि उपोषण हे आपल्याकडे वार्षिक विधी झाले आहेत. तारीख ठरते, मंडप पडतो, निवेदन दिले जाते, अधिकारी ते हसतमुखाने स्वीकारतो आणि फाइलला आणखी एक कागद जोडला जातो. सत्तेने या साधनांची सवय करून घेतली आहे. अशा वेळी घोषणांची पट्टी वाढवून भागत नाही. राज्यकर्त्यांत एकमत आहे की दुफळी? प्रश्नाला काही मुदत आहे का? पुढारी उद्या आत गेला तर गावात काम चालवणारे कोणी आहे का? आणि लोक आज नेमक्या कोणत्या गोष्टीने अस्वस्थ आहेत? या प्रश्नांची उत्तरे शोधल्यावाचून हाती घेतलेले आंदोलन हे आंदोलन नसून केवळ हौस असते.

मात्र हा विचार येथेच थांबवला तर तो अपुरा राहील. प्रतिकूल वातावरण चळवळीला जखमी करते हे खरे. परंतु तिला मारते ते बहुधा अनुकूल वातावरण. १९४६ साली आपले मानलेले सरकार आले आणि प्रतिसरकारची न्यायदान मंडळे हळूहळू ओस पडली. तंटे पुन्हा कोर्टात गेले, दारू पुन्हा गावात आली. जे गाव इंग्रजांच्या गोळीला पुरून उरले होते, ते स्वकीयांच्या राज्यात मामलेदाराच्या दारी अर्ज घेऊन उभे राहिले. ज्या नाना पाटलांच्या स्वागताला जिल्हा लोटला होता, ते सत्ताधारी पक्षापासून दूर गेले आणि १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत त्याच पक्षाच्या विरोधात साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. संयुक्त महाराष्ट्र समितीचीही तीच गत झाली. १ मे १९६० रोजी मंगल कलश आला आणि त्यानंतर समितीची एकजूट विरून गेली. मागणी मान्य होते तेव्हा चळवळीला वाटते की आता आपले काम सरकार करील. सरकार काही करते, काही विसरते; आणि विसरलेले आठवून देणारे तोवर पांगलेले असतात.

म्हणून ज्यांना आजचे वातावरण अनुकूल वाटते, त्या सर्वांनी, मग ते कोणत्याही विचाराचे असोत, अधिक सावध राहिले पाहिजे. सत्तेत मित्र असणे म्हणजे उद्दिष्ट गाठणे नव्हे. दुष्काळी गावाचे पाणी, बंद पडत चाललेली शाळा, तरुणांच्या हाताला काम, व्यसनांचा विळखा, हे प्रश्न मंत्रालयातील ओळखीने सुटणारे नाहीत. ते सोडवण्यासाठी रोज गावात राहणारी, गावाला उत्तरदायी असणारी माणसे लागतात. तशी माणसे जवळ असलेल्या चळवळीला वातावरण कसेही असले तरी काम सापडते. तशी नसलेल्या चळवळीला अनुकूल काळही फुकट जातो.

रहिमतपूरहून वडूजकडे जाणाऱ्या वाटेवरच्या गावांनी १९४२ च्या सप्टेंबरमध्ये आपली माणसे गमावली आणि त्यानंतर चार वर्षे एका साम्राज्याला दाद दिली नाही. त्या हुतात्म्यांच्या स्मारकाला दरवर्षी पुष्पचक्र वाहिले जाते, ते वाहिलेच पाहिजे. परंतु त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळीबारानंतर जे केले, त्याचेही अनुकरण झाले पाहिजे. त्यांनी आपली चूक काय झाली यावर परस्परांत वाद घालण्यात वर्षे दवडली नाहीत. त्यांनी रान पाहिले, ओल पाहिली आणि दुसरे अवजार हाती घेतले.

पेरणी थांबली नाही. म्हणूनच पीक आले.